हात, पाटी आणि पदवी

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

श्रोतेहो, पुणे-सोलापूर रस्त्यावर वरवंड लागतं. सकाळी सहा-साडेसहाच्या सुमाराला तिथल्या थांब्यावर दोन प्रकारची तरुण मंडळी उभी असतात. एक, कॉलेजला निघालेली. पाठीवर सॅक, नजर एसटीच्या वाटेकडे. दुसरी, कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत पहिल्या पाळीला निघालेली. त्यांच्या हातात जेवणाचा डबा. वय दोन्हीकडे जवळजवळ सारखंच. जरा निरखून पाहिलं तर चेहरेही ओळखीचे निघतात. तीन वर्षांपूर्वी सॅक घेऊन उभा असलेला मुलगा आज डबा घेऊन उभा असतो. शेजारी त्याचाच बारावीला शाळा सोडलेला मित्र. दोघांचं काम एक, कंत्राटदार एक आणि पगारही एकच.

अशाच एका मुलाच्या वडिलांनी मला एकदा तिथल्या चहाच्या टपरीवर गाठलं. मी तालुक्यातल्या एका कॉलेजात इतिहास शिकवून निवृत्त झालेला माणूस. त्यांचा मुलगा माझाच विद्यार्थी. म्हणाले, "सर, पोरगं बी.ए. झालं. पदवी घेतानाचा फोटो लावलाय घरात. समद्या भावकीत पहिलाच तो. पण आता ह्या कागदाचं करायचं काय, ते तुमी सांगा. तुमीच शिकवलंय त्याला."

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं, मलाही दोन शब्द उलट बोलता आले असते. ते खरोखरच विचारत होते आणि माझ्यापाशी उत्तर नव्हतं. चहाचे पैसे मी दिले आणि घरी आलो.

इतिहासाच्या माणसाला उत्तर सापडलं नाही की तो मागे जातो. मीही मागे गेलो. आणि लक्षात आलं की हा प्रश्न आपल्याच परगण्यात निदान दीडशे वर्षांपासून विचारला जातो आहे. त्याला उत्तरं दिली गेली, तीही फार लांब नव्हे, वरवंडच्या आसपासच. आज त्या उत्तरांबद्दलच बोलायचं आहे.

नोकरीच्या दारातली पदवी

सुरुवात १८४४ पासून करू. त्या वर्षी गव्हर्नर जनरल लॉर्ड हार्डिंग यांनी ठराव केला की सरकारी नोकरीत इंग्रजी शिकलेल्यांना प्राधान्य द्यावं. पुढे १८५४ मध्ये चार्ल्स वूड यांचा शिक्षणविषयक खलिता आला. त्यात सामान्य माणसाला त्याच्या जीवनात उपयोगी पडेल असं व्यावहारिक ज्ञान द्यावं, अशी चांगली भाषा होती. १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झालं. खलित्यातली व्यावहारिक ज्ञानाची भाषा कागदावर राहिली आणि हार्डिंगचा ठराव लोकांच्या मनात राहिला. शिक्षण म्हणजे नोकरीचं दार, हे समीकरण तिथून पक्कं झालं.

१८६२ मध्ये मुंबई विद्यापीठाचे पहिले चार पदवीधर बाहेर पडले. महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, वामन आबाजी मोडक आणि बाळ मंगेश वागळे. चौघांचीही नावं पुढे मोठी झाली. पण ती कुठे झाली ते पाहा. रानडे न्यायाधीश. भांडारकर आणि मोडक शिक्षणक्षेत्रात. वागळे वकिलीत. म्हणजे कचेरी, कोर्ट आणि शाळा. त्या काळी पदवी माणसाला कामासाठी तयार करत होती का, असं कुणी विचारलं तर उत्तर निःसंशय होकारार्थी द्यावं लागेल. त्या तीन जागांसाठी तिनं फार चांगली तयारी करून घेतली. जागा थोड्या होत्या आणि पदवीधर त्याहून थोडे होते, म्हणून हिशेब जुळत होता. पुढे कॉलेजं वाढली, पदवीधर वाढले. पण पदवीचा साचा मात्र त्याच तीन जागांच्या मापाचा राहिला.

त्याच १८५४ साली पुण्यात एक वेगळी गोष्ट घडली. सरकारनं अभियांत्रिकीचा वर्ग आणि यांत्रिक शाळा सुरू केली. रस्ते, पूल, इमारती, कालवे यांची कामं निघाली होती आणि त्यांवर देखरेख करणारी माणसं हवी होती. आधी काम निघालं, मग त्या कामासाठी शाळा निघाली. हीच शाळा वाढत वाढत पुण्याचं अभियांत्रिकी महाविद्यालय झाली. आणि २०२२ पासून ते स्वतंत्र विद्यापीठ आहे. तिथून बाहेर पडलेल्यांना या शिक्षणाचा उपयोग काय, असं फारसं कुणी विचारलं नाही.

१८७० च्या दशकात पुण्याजवळ खडकवासल्याचं धरण उभं राहिलं. त्याचं कालव्याचं पाणी आज दौंड तालुक्यात येतं आणि वरवंडच्या व्हिक्टोरिया तलावात साठतं. आपल्या भागातला ऊस, आपली गुऱ्हाळं, आपल्या मुलांच्या कॉलेजच्या फिया हे सगळं बऱ्याच अंशी त्या पाण्यावर चालतं. त्या धरणाच्या बांधकामाला माल पुरवणाऱ्यांत पुण्यातले एक कंत्राटदार होते. त्यांचं नाव जोतीराव गोविंदराव फुले.

१८८२ ची साक्ष

जोतीरावांना आपण समाजसुधारक म्हणून ओळखतो. पण चुना, दगड, मजूर, मिस्त्री आणि इंजिनीअर यांच्यात रोज वावरणारा माणूस म्हणूनही त्यांच्याकडे पाहायला हवं. १८८२ मध्ये सर विल्यम हंटर यांच्या अध्यक्षतेखाली शिक्षण आयोग नेमला गेला. त्या आयोगापुढे जोतीरावांनी ऑक्टोबर महिन्यात लेखी निवेदन दिलं. सरकारी महसुलाचा मोठा वाटा शेतकऱ्याच्या घामातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांच्या वाट्याला जातो, हा त्यातला मुख्य मुद्दा. तो सर्वांना ठाऊक आहे. दुसरा मुद्दा तितकासा सांगितला जात नाही. वरच्या शाळांतलं शिक्षण व्यवहाराला धरून नाही, त्यातून कारकून आणि शिक्षक तेवढे तयार होतात, असं त्यांनी स्पष्ट लिहिलं.

म्हणजे वरवंडच्या टपरीवर मला विचारलेला प्रश्न जोतीरावांनी पहिले चार पदवीधर बाहेर पडल्यानंतर अवघ्या वीस वर्षांत विचारला होता.

त्यांनी नुसती तक्रार केली नाही. प्राथमिक शाळेत लेखन, वाचन, हिशेब यांबरोबर शेतीचं आणि आरोग्याचं प्राथमिक ज्ञान द्यावं असं सुचवलं. आणि शिक्षक कसे असावेत? शक्यतो शेतकरी वर्गातले. वेळ पडली तर नांगराची मूठ किंवा सुताराचा वाकस हाती धरायला ज्यांना लाज वाटणार नाही, असे. श्रोतेहो, मला हे वाक्य फार मोलाचं वाटतं. जोतीरावांनी विद्यार्थ्यानं नांगर धरावा एवढ्यावर समाधान मानलं नाही. मास्तरानंही तो धरावा, असं त्यांचं म्हणणं. मास्तरच हात मळवायला लाजत असेल तर मुलं त्याच्याकडून पहिली गोष्ट तीच शिकतात, हे त्यांना कळलं होतं.

त्याच आयोगापुढे, त्याच वर्षी, आणखी एक साक्ष झाली. पंडिता रमाबाईंची. वय चोवीस वर्षांचं. त्याच वर्षी त्या विधवा झाल्या होत्या. त्यांनी मागितलं की मुलींना शिकवायला स्त्री शिक्षिका तयार करा आणि बायकांच्या आजारपणासाठी स्त्री डॉक्टर तयार करा. त्यांच्या मागणीचीही रीत पाहा. समाजात कुठलं काम अडलं आहे ते आधी, त्याचं शिक्षण मग. पुण्याच्या अभियांत्रिकी शाळेमागे सरकारची गरज होती, इथे बायकांची होती. विचार एकच.

केडगावचा छापखाना

रमाबाईंची गोष्ट आपल्याला वरवंडच्या शेजारी घेऊन येते. त्या इंग्लंडला गेल्या, अमेरिकेत गेल्या, तिथली बालशिक्षणाची पद्धत शिकल्या. १८८९ मध्ये मुंबईत त्यांनी शारदा सदन काढलं, पुढच्या वर्षी ते पुण्यात आणलं. मग केडगावला जमीन घेतली. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून त्यांनी तीनशेच्या आसपास निराधार मुली आणि स्त्रिया आणल्या. माळरानावर 'मुक्ती' उभी राहिली. पुढे १९०० च्या गुजरातच्या दुष्काळातून आणखी आल्या आणि तिथली वस्ती एखाद्या गावाएवढी झाली.

आता प्रश्न असा होता की या बायकांना शिकवायचं काय? घर नाही, नातं नाही, जमीन नाही. नुसती अक्षरओळख देऊन बाहेर पाठवलं तर त्या जगतील कशा? आणि नुसतं शिवणकाम शिकवलं तर आयुष्यभर दुसऱ्याच्या दारात उभ्या राहतील. रमाबाईंनी दोन्ही एकत्र आणलं. शाळा चालू होती. त्याच आवारात विणकाम, शिवण, शेती, दूधदुभतं, तेलाचा घाणा चालू होता. अंध मुलींसाठी वेगळा वर्ग होता. आणि छापखाना होता. रमाबाईंनी बायबलचं भाषांतर मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांवरून मराठीत केलं. त्याचे खिळे जुळवण्यापासून ते पानं छापून बांधण्यापर्यंतचं काम तिथल्या बायकांनी केलं. १९२२ मध्ये रमाबाई गेल्या. संपूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये छापून झाला.

विषय धर्माचा नाही, म्हणून त्या ग्रंथाकडे आपण शिक्षणाच्या नजरेनं पाहू. दहा-पंधरा वर्षांपूर्वी दुष्काळातून आलेली, तोवर अक्षर न पाहिलेली बाई शब्दाचे खिळे एकेक करून उलटे जुळवते आहे. तिला वाचता आलंच पाहिजे, नाहीतर चूक होईल. तिचा हात बसलाच पाहिजे, नाहीतर ओळ वाकडी जाईल. अशा कामात वाचणं आणि करणं वेगळं काढताच येत नाही. कॉलेजात गेल्या नसूनही त्या स्त्रिया अत्यंत कुशल कामगार झाल्या होत्या.

तरीही केडगावचा धडा पुण्याच्या कॉलेजांनी घेतला नाही. ते निराधार बायकांचं काम, असं म्हणून तो बाजूला ठेवला गेला. ही 'बाजूला ठेवण्या'ची गोष्ट लक्षात ठेवा. ती आपल्याला पुन्हा भेटणार आहे.

नांगर विकणारा माणूस

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला राष्ट्रीय शिक्षणाची चळवळ आली. विष्णु गोविंद विजापूरकरांचं समर्थ विद्यालय तळेगावला होतं, ते सरकारनं १९१० मध्ये बंद केलं. त्याच वर्षी सांगली जिल्ह्यातल्या आजच्या किर्लोस्करवाडीला लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कारखाना उभा केला. लक्ष्मणराव काही वर्षं मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तांत्रिक संस्थेत शिक्षक होते. स्वतः मात्र पदवीधर नव्हते. त्यांच्या लोखंडी नांगरांच्या विक्रीचं काम करणाऱ्यांत एक तरुण होता. मॅट्रिकही न झालेला. गावोगाव फिरता फिरता त्याला शेतकऱ्याचं अज्ञान आणि कर्ज दोन्ही जवळून दिसलं. त्यानं १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली. तो तरुण म्हणजे कर्मवीर भाऊराव पाटील.

कर्मवीरांचं सूत्र होतं कमवा आणि शिका. वसतिगृहातल्या मुलांनी शेतात राबायचं, दगड फोडायचे, स्वयंपाक करायचा आणि शिकायचं. १९४७ मध्ये त्यांनी साताऱ्याला छत्रपती शिवाजी कॉलेज काढलं, तिथेही हीच रीत चालवली. यात एक बारकावा आहे. कर्मवीरांच्या मुलाच्या हातात कुदळ होती, पण त्या कुदळीनं त्याचं कॉलेजचं दार बंद होत नव्हतं, उघडत होतं. काम हा शिक्षणाचा पर्याय नव्हता. म्हणून गरीब आईबापांनी विश्वासानं मुलं त्यांच्याकडे सोपवली. आज खेड्यापाड्यांत जे शिक्षक, अधिकारी, प्राध्यापक दिसतात, त्यांतल्या अनेकांच्या मागच्या पिढीत रयतचं एखादं वसतिगृह सापडतं.

हाताच्या कामाची धास्ती

इथपर्यंत ऐकून कुणी म्हणेल, मग सोपं आहे. कॉलेजं कमी करा, सगळ्यांना हाताचं काम शिकवा. पण हे इतकं सोपं नाही, आणि का नाही ते सांगितल्याशिवाय पुढे गेलो तर ती लबाडी होईल.

१९५३ मध्ये मद्रास प्रांतात मुख्यमंत्री राजगोपालाचारींनी एक योजना आणली. प्राथमिक शाळेतली मुलं अर्धा वेळ शाळेत शिकतील आणि उरलेला वेळ घरी, आईबापाचा धंदा शिकतील. कागदावर योजना नेटकी दिसत होती. पण लोकांनी विचारलं, न्हाव्याच्या मुलानं न्हावीच व्हायचं का? धोब्याच्या मुलानं धोबीच? गहजब झाला. १९५४ मध्ये राजगोपालाचारी पायउतार झाले आणि योजना गुंडाळली गेली.

लोकांचं चुकलं का? मला तसं वाटत नाही. आपल्याकडे हाताच्या कामाला जात चिकटलेली आहे. ज्यांच्या पिढ्यान् पिढ्या सक्तीनं राबण्यात गेल्या, त्यांना 'हाताचं काम शिका' हे वाक्य उपदेशासारखं ऐकू येत नाही, धमकीसारखं ऐकू येतं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी उच्च शिक्षणावर एवढा भर दिला त्यामागे हेच होतं. १९४६ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू केलं, तेव्हा दिवसा नोकरी करणाऱ्यांना शिकता यावं म्हणून सकाळचे वर्ग ठेवले. तिथे पदवी हे सुटकेचं साधन होतं. कित्येक घरांत आजही आहे.

म्हणून टपरीवरच्या त्या वडिलांना "कशाला केलं बी.ए.? आयटीआय करायचं होतं," असं म्हणायला माझी जीभ वळली नाही. त्यांच्या घरात तो फोटो उगाच लागलेला नाही. शिवाय असा सल्ला देणाऱ्यांची स्वतःची मुलं सहसा आयटीआयला नसतात.

मग अडचण नेमकी कुठे आहे? अडचण अशी की हाताचं शिक्षण आपण नेहमी उरलेल्यांसाठी ठेवलं. केडगावला ते निराधार बायकांसाठी. शाळा सुटलेल्यांसाठी, नापासांसाठी, कमी टक्केवाल्यांसाठी. एकदा ते उरलेल्यांचं झालं की कुणालाच नकोसं होतं. आणि दुसऱ्या बाजूला, हुशार म्हणवणाऱ्यांचं शिक्षण हातावाचून कोरडं पडतं. नुकसान दोन्ही बाजूंचं होतं. एकाला काम येतं आणि त्यामागचं कारण सांगता येत नाही. दुसऱ्याला कारण पाठ असतं आणि काम येत नाही.

पाबळची प्रयोगशाळा

हे ज्यानं नेमकं ओळखलं तो माणूसही आपल्या शेजारच्याच तालुक्यात येऊन राहिला. भीमा ओलांडली की शिरूर तालुका. त्यात पाबळ. मस्तानीच्या समाधीमुळे लोकांना माहीत असलेलं, पण पावसानं कायम हात आखडता घेतलेलं गाव. १९८३ मध्ये तिथे डॉ. श्रीनाथ कलबाग आले. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठातून पीएच.डी. केलेले, हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन विभागात मोठ्या हुद्द्यावर काम केलेले. मुदतीआधी निवृत्ती घेतली आणि पाबळला 'विज्ञान आश्रम' सुरू केला. जे. पी. नाईक आणि चित्रा नाईक यांनी उभ्या केलेल्या भारतीय शिक्षण संस्थेचा हा उपक्रम होता. जे. पी. नाईक म्हणजे १९६४ ते ६६ च्या कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव. शिक्षणात कार्यानुभव असावा, असं त्या आयोगानं सांगितलं होतं. शाळांनी त्याचे कागदी फुलांचे तास करून टाकले. पाबळला तो खरा झाला.

कलबागांचा विचार साधा होता. माणूस हजारो वर्षं हातानं करत करत शिकला. शाळेत नापास झालेला मुलगा विहिरीवरची मोटार खोलून दुरुस्त करतो, म्हणजे त्याला बुद्धी आहे. आपली शिकवण्याची रीत त्याच्या बुद्धीपर्यंत पोचत नाही. म्हणून त्यांनी एक वर्षाचा निवासी अभ्यासक्रम आखला. त्यात चार विभाग. अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन आणि गृह-आरोग्य. एकच धंदा का नाही? कारण खेड्यात एकाच कसबावर वर्षभर पोट भरत नाही. आज वेल्डिंग, उद्या नळजोडणी, परवा कोंबड्या. गावाला जे माणूस हवं असतं, तसंच माणूस घडवायचं.

आणि शिकवायचं कसं? खऱ्या कामावर. गावातल्या कुणाला फाटक हवं असेल तर मुलांनी मोजमाप घ्यायचं, अंदाजपत्रक काढायचं, बनवायचं, बसवायचं, पैसे घ्यायचे. जमिनीखालच्या पाण्याचा अंदाज घेण्यासाठी विजेचा रोध मोजणारं उपकरण असतं. दहावी-बारावीत ओहमचा नियम पाठ करून विसरलेला मुलगा तेच उपकरण शेतात लावतो. आता आकडा चुकला तर शेतकऱ्याची बोअर वाया जाणार. मग ओहमचा नियम विसरायची सोय राहत नाही.

पुढे कलबागांनी हीच रीत माध्यमिक शाळांत नेली. आठवी ते दहावीच्या वर्गांसाठी 'मूलभूत तंत्रज्ञान' हा विषय तयार झाला आणि राज्याच्या परीक्षा मंडळानं त्याला मान्यता दिली. माझ्या दृष्टीनं पाबळची सगळ्यात मोठी गोष्ट ही. कारण हा विषय वर्गातल्या सगळ्या मुलामुलींसाठी होता. पहिल्या नंबरच्या मुलीनंही वेल्डिंगची काच डोळ्यांपुढे धरायची आणि दांडगट मुलानंही भाकरी थापायची. हाताचं काम उरलेल्यांचं राहिलं नाही. २००२ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेच्या साहाय्यानं पाबळला 'फॅब लॅब' म्हणजे संगणकाच्या मदतीनं वस्तू बनवण्याची कार्यशाळा सुरू झाली. एमआयटीबाहेरच्या अगदी पहिल्या अशा कार्यशाळांपैकी ती एक. २००३ मध्ये कलबाग गेले. आश्रम आजही चालू आहे.

कलबागांनी जोतीरावांची अट पाळली होती. पीएच.डी. असलेला मास्तर नांगराची मूठ धरायला लाजला नव्हता.

आवर्तनाचा तास

देशभरच्या श्रमबळ पाहणीत वर्षानुवर्षे एक गोष्ट दिसते. निरक्षरांपेक्षा पदवीधरांत बेकारीचं प्रमाण जास्त आहे. यातला अर्धा अर्थ असा की गरिबाला बेकार राहणं परवडत नाही, तो मिळेल ते करतो. उरलेला अर्धा आपल्या कॉलेजांच्या पदरात पडतो. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात सहावीपासून व्यवसायाची ओळख आणि दहा दिवस दप्तराविना, असं म्हटलं आहे. चांगलं आहे. पण २०२४ मध्ये राज्यानं तरुणांसाठी कार्य प्रशिक्षणाची योजना आणली, तिच्यातलं विद्यावेतन पाहा. बारावी झालेल्याला महिना ६ हजार, आयटीआय वा पदविकावाल्याला ८ हजार, पदवीधराला १० हजार. दोन वर्षं लेथवर उभं राहिलेल्याचा हात अजून बी.ए.च्या कागदापेक्षा दोन हजारांनी स्वस्त आहे. सरकारच असा भाव लावत असेल तर आईबापांनी कागदामागे का धावू नये?

आता त्या वडिलांच्या प्रश्नाकडे येतो. ते म्हणाले होते, तुमीच शिकवलंय त्याला. ते खरं होतं. मी त्याला हंटर आयोग शिकवला होता. साल, अध्यक्ष, शिफारशी, पाच गुणांची टीप. जोतीरावांचं निवेदनही शिकवलं, मुद्दे फळ्यावर लिहून दिले. पण ज्या धरणाला जोतीरावांनी माल पुरवला त्याचं पाणी कॉलेजपासून थोड्याच अंतरावर वाहतंय, हे तीस वर्षांत मी एकदाही मुलांना नेऊन दाखवलं नाही. नांगराची मूठ धरणारा मास्तर हवा, हे वाक्य मी खडूनं लिहीत होतो आणि तास संपला की हात झटकत होतो.

निवृत्तीनंतर मला एकदा पाहुणा म्हणून वर्गावर बोलावलं. त्या दिवशी मी मुलांना कालव्यावर घेऊन गेलो. 'शेतकऱ्याचा असूड' बरोबर नेलं होतं. पाटबंधारे खातं पट्टी घेतं पण पाणी मिळेलच याची हमी देत नाही, ही जोतीरावांची तक्रार त्यांच्या त्या पुस्तकातून मी सांगत होतो. तेव्हा मागे उभा असलेला एक मुलगा, वर्गात कधी तोंड न उघडणारा असं त्याच्या सरांनी नंतर सांगितलं, एकदम बोलायला लागला. आवर्तन किती दिवसांचं, वरच्या गावात किती मोटारी चालतात, शेवटाच्या चारीला पाणी पोचेपर्यंत किती उरतं, पट्टी किती. सगळे आकडे त्याला तोंडपाठ होते. बोलून झाल्यावर म्हणाला, "सर, हे तर आमचंच लिहिलंय. पेपरात हे विचारतात का?"

पेपरात हे विचारत नाहीत. पण विचारायला हवं, आणि विचारणं आमच्या हातात होतं. त्या मुलापाशी पाटबंधाऱ्याचं, हिशेबाचं, गावच्या राजकारणाचं जे ज्ञान होतं त्याला इतिहासाची जोड मिळाली, तर त्याची बी.ए.ची पदवी त्याला उपयोगी पडेल. पाणीवापर संस्थेत, ग्रामपंचायतीत, सहकारी कारखान्यात, एखाद्या वर्तमानपत्रात त्याचा शब्द वजनाचा ठरेल. त्यासाठी त्यानं इतिहास सोडून वेल्डिंगच करायला हवं असं नाही. इतिहास शिकवणाऱ्यानं कालव्यापर्यंत चालत जायला हवं.

त्या वडिलांची पुन्हा गाठ पडली, तेव्हा मी त्यांना एवढंच म्हणालो, "दादा, तुमच्या पोरानं त्याचं काम केलं. कागद खोटा नाही. आम्ही मात्र अर्धंच शिकवलं." ते काही वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "धाकटी यंदा अकरावीला आहे, सर. तिला तरी पुरतं शिकवा म्हणावं."

त्या 'पुरतं' या शब्दाचं ओझं आम्हा शिक्षकांवर आहे.